जखम पाहणारा कोण? : सैनिकांचे अपंगत्व निवृत्तिवेतन आणि त्यावरील अपिले



आपल्या दिवंगत मुख्याध्यापकांच्या स्मरणार्थ शाळा चालवीत असलेल्या या व्याख्यानमालेत मला बोलण्याची संधी दिली, याबद्दल मी संस्थेचा ऋणी आहे. मराठीच्या निवृत्त प्राध्यापकाने संतवाङ्मयावर किंवा बखरींवर बोलावे, अशी श्रोत्यांची स्वाभाविक अपेक्षा असते. मीही प्रारंभ बखरीपासूनच करणार आहे. मात्र आजच्या विवेचनाचा बराचसा भाग न्यायालयांच्या निकालपत्रांत जाणार आहे. विषय आहे सैनिकाच्या अपंगत्व निवृत्तिवेतनाचा. ते नाकारले गेले म्हणजे अपील कोण ऐकतो, ते कशाच्या आधारे ठरते आणि ही रीत कशी घडत आली, हे मला आपणापुढे मांडायचे आहे.

बेळगावकरांना हा विषय परका वाटण्याचे कारण नाही. १९२२ पासून मराठा पलटणींचे केंद्र आपल्या शहरात आहे. त्यांचे रेकॉर्ड ऑफिसही इथेच आहे. खानापूर, चंदगड, आजरा, गडहिंग्लज या टापूतल्या कित्येक घरांत भिंतीवर गणवेशातला एक तरी फोटो असतो आणि ट्रंकेच्या तळाशी कागदांची एक पिवळी पडलेली पिशवी असते. त्या पिशवीतले कागद इंग्रजीत असतात. ते वाचून दाखवण्याचे काम गावातल्या मास्तरांकडे, आणि शहरात माझ्यासारख्या प्राध्यापकाकडे, वर्षानुवर्षे येत राहिले आहे. मी कायद्याचा पंडित नव्हे. परंतु शब्दांचा अर्थ लावणे हा माझा व्यवसाय होता, आणि या कागदांतील एका-दोन शब्दांवर माणसाचे उरलेले आयुष्य कसे अवलंबून असते, हे मी जवळून पाहिले आहे.

आता बखर. कृष्णाजी अनंत सभासदाने जिंजीस राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून शिवचरित्र लिहिले. त्यात अफजलखानाच्या प्रसंगानंतरची एक व्यवस्था नमूद आहे. जे लोक पडले त्यांच्या मुलांना महाराजांनी पुढे चालवले. ज्यांना पुत्र नव्हते त्यांच्या बायकांना निम्मे वेतन लावून दिले. आणि जखमी झालेल्यांना जखमेच्या मानाने पंचवीस होनांपासून दोनशे होनांपर्यंत रकमा दिल्या. आपण सारे अफजलखानाचा कोथळा तेवढा लक्षात ठेवतो आणि हा मजकूर ओलांडून पुढे जातो. वास्तविक राज्यव्यवस्थेच्या दृष्टीने हा मजकूर फार मोलाचा आहे. रक्कम जखमेप्रमाणे बदलते, म्हणजे कोणीतरी जखम डोळ्यांनी पाहिली आहे. देणारा आणि घेणारा एकमेकांसमोर उभे आहेत. त्यात पुराव्याचा प्रश्न निघत नाही. तलवारीचा वार हाच पुरावा.

पुढे पेशवाईच्या दप्तरांत 'बालपरवेशी' हा शब्द भेटतो. लढाईत कामी आलेल्याच्या मुलाबाळांच्या पोषणासाठी लावून दिलेली ही नेमणूक. शब्द किती हळुवार आहे पाहा! 'निवृत्तिवेतन' या आपल्या आजच्या शब्दात निवृत्ती आहे आणि वेतन आहे, पण बाळ नाही. असो. या सर्व व्यवस्थेत एक उणीव मात्र होती, आणि ती झाकून ठेवण्याचे कारण नाही. हे देणे धन्याच्या मर्जीवर होते. मर्जी फिरली, सरदार बदलला, खजिना रिता झाला, तर दाद मागण्यास जागा नव्हती. दान आणि हक्क यांतले अंतर अपिलाने ठरते. ज्याविरुद्ध अपील करता येत नाही ते कितीही उदार असले तरी दानच.

इंग्रजी अमदानीत पलटणी कवायती झाल्या आणि लढाईचे स्वरूपही पालटले. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियातील कूट-अल-अमारा येथे जनरल टाऊनशेंडच्या फौजेला वेढा पडला. त्या फौजेत १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. २९ एप्रिल १९१६ रोजी उपासमारीने ती फौज शरण गेली. वेढ्यात आणि नंतरच्या कैदेत माणसे गोळीने जितकी खचली त्याहून अधिक हगवणीने, स्कर्व्हीने, तापाने आणि भुकेने खचली. जो परत आला त्याच्या अंगावर कदाचित एकही वार नसेल. परंतु तो पूर्वीचा माणूस राहिला नव्हता. सभासदाच्या काळी जखम पाहता येत होती. आता जी जखम दिसत नाही ती कोणी पाहायची, आणि ती युद्धामुळेच झाली हे कोणी सिद्ध करायचे, असा नवा प्रश्न उभा राहिला. आजच्या व्याख्यानाचा सारा विषय या प्रश्नातून निघालेला आहे.

त्या प्रश्नाचा कायदेशीर विचार प्रथम ब्रिटनमध्ये झाला. महायुद्धानंतर १९१९ च्या कायद्याने तिथे पेन्शन नाकारलेल्या सैनिकाला स्वतंत्र न्यायाधिकरणाकडे अपील करण्याचा अधिकार मिळाला. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ मध्ये, याहून मोठे पाऊल पडले. सैनिकाने आपला आजार सेवेमुळे झाला हे सिद्ध करण्याची गरज उरली नाही. तो सेवेमुळे झाला नाही हे सरकारने दाखवावे, आणि वाजवी शंका राहिल्यास तिचा लाभ सैनिकाला मिळावा, असे ठरले. ही अपिले उच्च न्यायालयात ऐकण्याचे काम ज्यांच्याकडे आले त्यांत न्यायमूर्ती डेनिंग होते. आपल्याकडील कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला त्यांचा १९४७ चा 'मिलर विरुद्ध मिनिस्टर ऑफ पेन्शन्स' हा निकाल पाठ असतो. फौजदारी खटल्यात 'वाजवी शंकेपलीकडे' म्हणजे काय आणि दिवाणी दाव्यात 'संभाव्यतेचे पारडे' म्हणजे काय, याची फोड त्यात आहे. खुनाच्या खटल्यांत वकील तो निकाल हमखास उद्धृत करतात. परंतु तो खुनाचा खटला नव्हता. अन्ननलिकेच्या कर्करोगाने वारलेल्या एका सैनिकाच्या विधवेने पेन्शनीसाठी केलेले ते अपील होते. शंकेचा फायदा कोणाला, ही चर्चा जिच्या निमित्ताने झाली ती बाई विस्मरणात गेली आणि सूत्र तेवढे उरले.

स्वतंत्र भारतात लष्कराची पेन्शन नियमावली १९६१ ची. तिच्या १७३ व्या कलमाचा आशय असा की, जो सैनिक अपंगत्वामुळे सेवेतून काढला गेला, ज्याचे अपंगत्व सेवेमुळे उद्भवलेले किंवा सेवेमुळे बळावलेले आहे, आणि ज्याचे प्रमाण वीस टक्के वा अधिक ठरले आहे, त्याला अपंगत्व निवृत्तिवेतन मिळावे. या कलमाला जोडून १९८२ चे 'हक्कनिश्चितीचे नियम' आले. ब्रिटनमधल्या १९४३ च्या विचाराशी त्यांचे नाते शब्दाशब्दांत दिसते. पाचव्या नियमानुसार भरतीच्या वेळी कागदावर काही दोष नोंदला नसेल, तर जवान त्या वेळी धडधाकट होता असे मानायचे, आणि पुढे प्रकृती बिघडून तो बाहेर पडला तर ते सेवेमुळेच घडले असे गृहीत धरायचे. नवव्या नियमानुसार दावेदाराला सिद्ध करायला सांगायचे नाही. वाजवी शंकेचा फायदा त्याला द्यायचा, आणि तो रणक्षेत्रातला असेल तर अधिक सढळ हाताने द्यायचा. चौदाव्या नियमात अपवाद आहे. हा रोग भरतीच्या तपासणीत ओळखता आलाच नसता असे वैद्यकीय मत असेल, तर वरील गृहीतक लागू होत नाही. मात्र त्या मताची कारणे नमूद झाली पाहिजेत. 'कारणे नमूद झाली पाहिजेत', हे शब्द श्रोत्यांनी ध्यानात ठेवावेत. पुढची चाळीस वर्षे लढाई या शब्दांवर झाली आहे म्हटले तर थोडी अतिशयोक्ती होईल, पण थोडीच.

आता ते दोन शब्द. इंग्रजीत 'अॅट्रिब्यूटेबल' आणि 'अॅग्रॅव्हेटेड' असे आहेत. मी त्यांना 'उद्भवलेले' आणि 'बळावलेले' म्हणतो. शेतकऱ्याला दुसरा शब्द चटकन कळतो. दुखणे बळावते हे त्याच्या घरात नित्य घडते. बीज अंगात पूर्वीचे असेल, पण बर्फात, उंचीवर, रात्रीच्या पहाऱ्यात, घरच्या चिंतेत ते फोफावले, तर ते सेवेने बळावले. म्हणजे नियम करणाऱ्याने दोन दारे ठेवली होती. यांपैकी एकही लागू नाही असे मत पडले की लष्करी कागदांत त्याची इंग्रजी आद्याक्षरे जुळून 'नाना' असा शेरा तयार होतो. आपल्याकडे नाना म्हणजे घरातला वडीलधारा, अडीअडचणीला पाठीशी उभा राहणारा. या शेऱ्याने मात्र माणूस उघड्यावर पडतो.

उघड्यावर म्हणजे किती, हे आकड्यांत सांगतो. शिपायाला सामान्य पेन्शन मिळण्यास पंधरा वर्षांची सेवा लागते. त्याआधी आजारपणाने बाहेर पडणाऱ्याच्या निराळ्या पेन्शनीला किमान दहा वर्षे लागत. ही अट सरकारने २०२० मध्ये शिथिल केली, तीही ४ जानेवारी २०१९ रोजी वा त्यानंतर सेवेत असणाऱ्यांपुरती. तेव्हा आठ-नऊ वर्षे नोकरी करून 'बोर्ड आउट' झालेल्या जवानाच्या कागदावर 'नाना' आले की दरमहा हाती काहीच येत नसे. थोडी उपदानाची रक्कम घेऊन तो तिशीत गावी परते. याउलट शेरा अनुकूल असेल तर सेवेचा भाग आणि अपंगत्वाचा भाग असे दोन हिस्से आयुष्यभर मिळतात. सहाव्या वेतन आयोगानंतर शंभर टक्के अपंगत्वाला शेवटच्या वेतनाच्या तीस टक्के असा हिशेब आहे. म्हणजे वीस टक्के अपंगत्वाला वेतनाचे सहा टक्के. ३१ जानेवारी २००१ च्या आदेशाने पन्नासाच्या आतले प्रमाण पन्नास, त्यापुढे पंचाहत्तरपर्यंतचे पंचाहत्तर आणि त्याहून अधिक ते शंभर असे पुढे ओढून धरण्याची सवलत आली. मग तेच सहा टक्के पंधरा होतात. ही सवलत नियत वयोमानाने निवृत्त झालेल्या अपंग सैनिकांनाही आहे, हे मान्य करून घेण्यास मात्र डिसेंबर २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल व्हावा लागला.

हे सारे ठरवतो कोण? प्रथम वैद्यकीय मंडळ, म्हणजे लष्करी डॉक्टरांचे बोर्ड. ते रोगाचे नाव, टक्केवारी आणि सेवेशी संबंध यांबद्दल मत देते. मग कागद रेकॉर्ड ऑफिसमार्फत पुढे जातात. पूर्वी ते अलाहाबादेस संरक्षण लेखा नियंत्रकांच्या पेन्शन कचेरीत जात, आणि तिथे एक वैद्यकीय सल्लागार त्यांवर पुन्हा मत देई. त्याच्यासमोर रुग्ण नसे, कागद असे. बोर्डाने तीस टक्के लिहिले, त्याने पंधरा केले, आणि पंधरा म्हणजे वीसच्या आत, म्हणजे शून्य, असे घडू शके. जानेवारी १९९३ मध्ये एका सॅपरच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने याला हरकत घेतली. ज्या बोर्डाने माणूस तपासला त्याचे मत, पुन्हा वैद्यकीय तपासणी न करता, लेखा कचेरीला फिरवता येणार नाही, असा त्या निकालाचा अर्थ. मला इथे सभासद आठवतो. जखम पाहून द्यावे, हे सतराव्या शतकात साध्या कारकुनाला कळत होते. विसाव्या शतकात ते सांगण्यास देशाचे सर्वोच्च न्यायालय लागले.

नकाराचे पत्र आले की पहिले अपील सहा महिन्यांच्या आत करायचे. ते सेनेच्या मुख्यालयातील एका समितीपुढे जाते. तिथेही नकार आला तर दुसरे अपील संरक्षण मंत्रालयाच्या स्तरावरील समितीकडे. ही समिती पूर्वी संरक्षणमंत्र्यांच्या नावाने ओळखली जाई. ही सर्व अपिले कागदांवरच चालतात. मी अशी उत्तरे अनेकदा वाचून दाखवली आहेत. आपल्याच भागातल्या एका निवृत्त नायकाने तीन पानांचे अपील माझ्याकडून लिहून घेतले होते. कोणत्या चौकीवर, कोणत्या महिन्यात, किती दिवस बर्फात अडकलो, सर्व तपशिलासह. वर्षभराने एका कचेरीचे उत्तर आले. त्यात त्या तीन पानांतील एकाही गोष्टीचा उल्लेख नव्हता. काळजीपूर्वक विचार करण्यात आला असून दावा मान्य करता येत नाही, एवढेच. नायकाने विचारले, "सर, विचार केला म्हणतात, तो काय केला ते लिहिलंय का कुठं?" मी कागद उलटून पाहिला. मागची बाजू कोरी होती. भाषेच्या अभ्यासकाला कर्मणी प्रयोगाचे याहून चांगले उदाहरण सापडणार नाही. विचार करण्यात येतो, पण तो करणारा कोणी नसतो.

त्यानंतरचे दार न्यायालयाचे. २००९ पूर्वी सैनिकाला उच्च न्यायालयात रिट अर्ज करावा लागे, आणि तो इतर हजारो अर्जांच्या रांगेत पडून राही. सशस्त्र सेना न्यायाधिकरणाचा कायदा २००७ मध्ये झाला आणि ८ ऑगस्ट २००९ रोजी राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते दिल्लीत त्या न्यायाधिकरणाचे उद्घाटन झाले. प्रत्येक पीठावर एक न्यायिक सदस्य, बहुधा उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश, आणि एक निवृत्त वरिष्ठ सेनाधिकारी असतो. कायदा जाणणारा एक आणि चौकी जाणणारा एक. दिल्लीखेरीज चंदिगड, लखनौ, जयपूर, कोलकाता, चेन्नई, मुंबई इत्यादी ठिकाणी पीठे आहेत. मुंबईच्या पीठाकडे महाराष्ट्र, गुजरात आणि गोवा आहेत. म्हणजे चंदगडचा निवृत्त शिपाई मुंबईस जातो आणि त्याच पलटणीत त्याच्या शेजारी झोपलेला बेळगाव तालुक्यातला शिपाई, गावी परतल्यावर, दुसऱ्या पीठाच्या हद्दीत येतो. सीमाभागातल्या माणसाला याचे नवल वाटत नाही. जन्मनोंदीपासून त्याला सवय आहे.

या न्यायाधिकरणांपुढील आणि न्यायालयांपुढील अशा दाव्यांना दिशा देणारा निकाल २ जुलै २०१३ चा, धरमवीर सिंग यांच्या प्रकरणातील. हे सिग्नल्स दलातील शिपाई. १९८५ मध्ये भरती झाले, १९९४ मध्ये अपस्माराच्या कारणाने बाहेर काढले गेले. अपंगत्व वीस टक्के. बोर्डाचे मत पडले की, विकार प्रकृतिजन्य आहे, सेवेशी संबंध नाही. १९९५ मध्ये दावा फेटाळला गेला. उच्च न्यायालयाच्या एकल न्यायाधीशांनी २००४ मध्ये त्यांच्या बाजूने निर्णय दिला. खंडपीठाने तो २००९ मध्ये फिरवला. आणि मग प्रकरण सर्वोच्च न्यायालयात आले. सरकारचे म्हणणे सरळ होते. तज्ज्ञ डॉक्टरांचे मत आहे, न्यायालय डॉक्टर नाही. वरवर पाहता हे पटण्यासारखे आहे. परंतु न्यायालयाने डॉक्टरांच्या मताला हात न लावता त्या मताखालची जागा पाहिली. भरतीच्या वेळच्या कागदावर कोणत्याही रोगाची नोंद नाही. मग नियमाचे गृहीतक सैनिकाच्या बाजूचे. ते मोडायचे तर हा रोग भरतीच्या वेळी का ओळखता आला नसता, सेवेशी त्याचा संबंध का नाही, याची कारणे बोर्डाने लिहायला हवी होती. कारणे लिहिलेली नव्हती. तेव्हा मत उरले, आधार उरला नाही. सैनिकाला निवृत्तिवेतन मिळाले. बाहेर पडल्यापासून हा निकाल लागेपर्यंत एकोणीस वर्षे गेली होती.

वकिलांच्या दृष्टीने हा निकाल पुराव्याच्या भाराविषयीचा आहे. मला तो लेखनाविषयीचा वाटतो. आपण विद्यार्थ्यांना उत्तराखाली 'कारणे द्या' असे लिहून गुण देतो. बोर्डाने कारणे दिली नाहीत आणि तरीही पेपर तपासणाऱ्या प्रत्येक कचेरीने त्याला पूर्ण गुण दिले. १९८२ चा नियम त्या प्रत्येक कचेरीत कपाटात होता. तो नव्याने कोणी शोधून काढला नाही. तो फक्त वाचला गेला. २०१४ च्या जूनमध्ये दुसऱ्या एका निकालात न्यायालयाने आणखी पुढे जाऊन म्हटले की, ज्या अपंगत्वामुळे माणसाला सेवेतून काढावे लागले ते वीस टक्क्यांहून कमी कसे म्हणता येईल? फेब्रुवारी २०१५ मध्ये राजबीर सिंग आणि इतरांच्या प्रकरणांत सरकारची अनेक अपिले एकत्र फेटाळली गेली. त्यांत वेगवेगळ्या रोगांचे सैनिक होते आणि बहुतेकांच्या कागदात उणीव तीच होती.

याचा अर्थ प्रत्येक अपील सैनिकाच्या बाजूनेच लागावे, असा मात्र नाही, आणि तसा आग्रह धरणाऱ्यांशी माझे जमत नाही. रजेच्या प्रकरणांत न्यायालयाने रेषा ओढली आहे. नैमित्तिक रजेवर स्वखर्चाने घरी निघालेला जवान रेल्वेतून उतरताना अपघातात सापडला, त्याला १९९९ मध्ये सेवेवर असल्याचे मानले. वार्षिक रजेत गावी रस्त्यावर अपघात झालेल्याला २०११ मध्ये मानले नाही. सेवेचा आणि इजेचा काही धागा तरी हवा. ऑक्टोबर २०१९ मध्ये छिन्नमनस्कतेच्या एका प्रकरणात न्यायालयाने बोर्डाचे मत उचलून धरले. तो तरुण रणक्षेत्रात कधी गेलाच नव्हता, आणि हा विकार भरतीच्या तपासणीत दिसणे कठीण असते. सरकारचीही एक बाजू आहे. मधुमेह, रक्तदाब हे विकार शहरातल्या बँकेच्या कारकुनालाही होतात; मग निवृत्तीच्या उंबरठ्यावर ते आढळले म्हणून ते सेवेचे कसे, असा प्रश्न लेखापरीक्षकाने विचारणे हा त्याचा धर्म आहे. माझे म्हणणे एवढेच की, प्रश्न विचारणाऱ्याने उत्तर त्या विशिष्ट माणसाच्या कागदात शोधावे.

आपल्या जवळच्या एका गृहस्थांचा इथे उल्लेख केला पाहिजे. गोव्याचे मनोहर पर्रीकर नोव्हेंबर २०१४ ते मार्च २०१७ या काळात देशाचे संरक्षणमंत्री होते. निवृत्त आणि अपंग सैनिकांना मिळालेल्या निकालांविरुद्ध आपलेच मंत्रालय वर्षानुवर्षे अपिले करीत राहते, हे पाहून त्यांनी २०१५ मध्ये तज्ज्ञांची एक समिती नेमली. समितीने त्याच वर्षाच्या अखेरीस अहवाल दिला आणि अपंगत्व निवृत्तिवेतनाच्या बाबतीत ही अपिलबाजी आवरती घ्यावी असे सुचवले. अहवाल चांगला होता. अपिले पुढेही होत राहिली.

अपिलाच्या मार्गातही मध्यंतरी अडसर आला. न्यायाधिकरणाच्या निर्णयावर थेट सर्वोच्च न्यायालयात जाता येते, परंतु त्यासाठी सार्वजनिक महत्त्वाचा कायद्याचा मुद्दा असावा लागतो. एका नायकाच्या गुडघ्यात सार्वजनिक महत्त्वाचा मुद्दा क्वचितच असतो. मार्च २०१५ च्या निकालाने अशा प्रकरणांत उच्च न्यायालयांचे दार जवळपास बंद झाले. मार्च २०२३ च्या निकालाने ते पुन्हा उघडले. ते दोघांसाठीही उघडले, हे सांगायला हवे. सैनिक त्यातून आत जातो, तसे सरकारही जाते.

उशिरा दावा करणाऱ्याचे काय? नापास झालेला जवान गावी येतो, नांगराला लागतो, आणि पंधरा-वीस वर्षांनी कोणी सांगते की तुझा हक्क होता. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशाच एका सैनिकाच्या प्रकरणात ठरवले की, दरमहा न मिळणारे पेन्शन हा दरमहा नव्याने होणारा अन्याय आहे, म्हणून दावा बाद होत नाही. मात्र मागील थकबाकी अर्जापूर्वीच्या तीन वर्षांपुरतीच मिळेल. तडजोड समंजस आहे. तरी ज्याला आपला हक्कच ठाऊक नव्हता त्याची मधली वर्षे गेली ती गेलीच.

दरम्यान नियमच बदलले. १ जानेवारी २००८ पासून लागू झालेल्या नव्या नियमांत ते जुने गृहीतक तितक्या स्पष्ट शब्दांत राहिले नाही. त्यांतला एक नियम मी मुद्दाम सांगतो. दावेदाराला सामान्यतः सिद्ध करायला सांगू नये, हे तत्त्व ठेवले आहे. पण सेवा सोडून पंधरा वर्षे उलटल्यावर, म्हणजे सेवेचे कागद मुदत संपून नष्ट झाल्यावर, दावा केला तर सिद्ध करण्याची जबाबदारी दावेदारावर येते. कागद सरकारच्या ताब्यात होते. सरकारने ते नियमाप्रमाणे नष्ट केले. आता ते नसल्याचा भार नष्ट करणाऱ्यावर नाही, मागणाऱ्यावर आहे. ट्रंकेच्या तळाची ती पिवळी पिशवी कोणी रद्दीत घालू नये, असे मी माजी सैनिकांच्या मुलांना सांगत असतो, ते याच कारणाने. सप्टेंबर २०२३ मध्ये आणखी नवे नियम आले. आजारी असूनही सेवेत राहून निवृत्त होणाऱ्याला जे मिळते त्याचे नावही त्यांनी बदलून पेन्शन हा शब्द काढला आणि 'दौर्बल्य-साहाय्य' अशा अर्थाचा शब्द घातला. साहाय्य हा शब्द ऐकला की मला दानाची शंका येते. ती निराधार ठरावी.

या नव्या नियमांखाली गृहीतक गेले तर सैनिकाच्या हाती काय उरते, याचे उत्तर दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये दिले. प्रकरण एका निवृत्त सुभेदाराचे, विकार मधुमेह, नियम २००८ चे. मधुमेह शांत ठिकाणी नेमणूक असताना उद्भवला, म्हणून सेवेशी संबंध नाही, असे बोर्डाचे म्हणणे. न्यायालयाने म्हटले की, गृहीतक नसले तरी कारणे देण्याची जबाबदारी बोर्डावरून उतरलेली नाही; आणि शांत ठिकाण हे स्वतः कारण होऊ शकत नाही. सरकारचा अर्ज फेटाळला गेला. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने छिन्नमनस्कतेच्याच एका प्रकरणात, कारणांवाचून दिलेल्या बोर्डाच्या मतावर नकार उभा राहू शकत नाही, असे सांगितले. २०१९ मध्ये त्याच व्याधीचा सैनिक हरला होता. व्याधी एकच, निकाल दोन, आणि फरक पडला तो कागदावर लिहिलेल्या आणि न लिहिलेल्या मजकुराने.

त्याच्याच आधी, एप्रिल २०२५ मध्ये, सर्वोच्च न्यायालयात आणखी एका शिपायाचे अपील निकाली निघाले. तो १९८५ मध्ये भरती झाला होता. सियाचिनच्या हिमनदीवर असताना त्याला प्रथम झटका आला. १९८९ मध्ये त्याला बाहेर काढण्यात आले, विकार सेवेशी संबंधित नाही असा शेरा मारून. न्यायाधिकरणातही तो हरला होता. न्यायालयाने त्याचे अपंगत्व पन्नास टक्के धरून १ जानेवारी १९९६ पासून आजन्म निवृत्तिवेतन आणि थकबाकीवर सहा टक्के व्याज देण्याचा आदेश दिला. सेवा झाली होती साडेतीन वर्षांची; अपील चालले त्याच्या दहापट काळ. आदेशाची प्रत आता त्याच्या रेकॉर्ड ऑफिसकडे गेली असेल, आणि तिथून पेन्शन कचेरीकडे.